समेच्या शेजारची खोली

काकांनी मला पहिल्याच दिवशी पाडलं.

मी त्यांच्याकडे ब्युरोतर्फे लागले होते. ब्युरो म्हणजे आजारी माणसांना सांभाळायला घरोघरी बायका पाठवणारं ऑफिस. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, जागा बोरीवलीतल्या एका सोसायटीचा दुसरा मजला, पेशंट चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटे, डावी बाजू अर्धांगानं लुळी. पेशंटला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवायचे, काखेतून हात घालून पाठ धरायची, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तीनला उचलायचं. मी वाकले, पाठ धरली, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब, मोजतो मी." आणि मोजायला लागले. "एक... दोन... एक, दोन, तीन, चार."

मी तीनला उचललं. ते चार संपायची वाट बघत बसलेले. माझा जोर वर, त्यांचं वजन खाली. दोघंही पलंगावर आडवे, आणि माझी ओढणी त्यांच्या चष्म्यात अडकलेली.

गेली नोकरी, मला वाटलं. त्याआधीची दोन घरं महिन्याभरात सुटली होती, हे तिसरं. मी उठून उभी राहिले आणि "चुकलं काका, चुकलं" एवढंच म्हणत राहिले. काका तसेच छताकडे बघत पडलेले.

"तीनला कोण सुरू करतं गो? बेंजोवालेसुद्धा नाय करत. चार मोजायचे. मग पुढचा 'एक' बोलायचाच नाही. त्याच्यावर उठायचं."

"बोललाच नाही तर मला कळणार कसं?"

"तोच तर धंदा होता माझा," काका म्हणाले.

धंदा म्हणजे ड्रम वाजवणं. त्यांचे वडील मालवणकडचे, इथं गिरणीत कामाला. चाळीतल्या भजनात वडील झांज घेऊन बसायचे आणि काका पखवाजावर. पखवाजावरून तबला, तबल्यावरून एका हॉटेलातल्या जॅझ बँडचा ड्रम, आणि हॉटेलांतले बँड बंद पडल्यावर अंधेरीच्या स्टुडिओंत रेकॉर्डिंग. हे त्यांनी मला सलग कधीच सांगितलं नाही. अंघोळ घालताना थोडं, केस कापताना थोडं, औषध घ्यायचं टाळायचं असलं की पुष्कळ.

एरवी त्यांचं बोलणं मुंबईचं, यार आणि झकास घातलेलं. पण चिडले किंवा खूश झाले की मालवणीत शिरायचे. मला सुरुवातीला यातलं चिडणं कुठलं आणि खूश होणं कुठलं ते कळायचं नाही, म्हणून मी दोन्ही वेळेला घाबरून घ्यायची.

घरात ड्रम नव्हता. सोसायटीनं पूर्वीच नोटीस काढली होती. उरलं होतं एक रबरी पॅड, काठ्यांच्या चार जोड्या आणि स्टँडवर एक मोठं, थाळीसारखं पितळी सिंबल. स्टँडवर मी त्यांचे टॉवेल वाळत घालायची. टॉवेल चालेल, पण सिंबलला हात लावायचा नाही, असा नियम. एकदा पुसायला घेतलं तर म्हणाले, "त्याची धूळ राहू दे. आवाज गोड येतो." तो आवाज मी कधी ऐकला नाही. उजव्या हातानं वाजवता आलं असतं त्यांना. वाजवायचे नाहीत.

सकाळी मी दहा मिनिटं लवकर पोचले तर दार उघडताच पलंगावरून आवाज यायचा, "आज अनागत." रिक्षा मिळाली नाही आणि उशीर झाला तर, "आज अतीत." मला वाटायचं हे काहीतरी रजिस्टरात लिहितात. पंधरा दिवसांनी धीर करून विचारलं. तर म्हणाले, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याच्या, आधी येऊन थांबतो तो अनागत, सम होऊन गेल्यावर सावकाश येतो तो अतीत. गवई मुद्दाम करतात, लोक वा म्हणतात.

"मग मी वेळेवर आले तर?"

"तर नोकरी करतेस, बाकी काय."

त्यांना वेळेवर घडणारी कुठलीही गोष्ट नीरस वाटायची. कुकरची चौथी शिट्टी झाली की मी गॅस बंद करायची, तर आतून ओरडायचे, "तिसरी आणि चौथीच्या मध्ये बंद कर, मज्जा येता." एकदा केलं. भात कडक राहिला. तो त्यांनी खाल्ला, वर दही मागितलं, आणि परत कधी तो विषय काढला नाही.

फिजिओथेरपीसाठी एक मुलगा यायचा. लुळ्या हातात मऊ चेंडू द्यायचा आणि सांगायचा, दहा वेळा दाबा. काका विचारायचे, "दहा म्हणजे कसे? सरळ दहा की झपतालाचे?" आणि दाबायचे दोन, थांबून तीन, थांबून दोन, थांबून तीन. तो मुलगा दर वेळी मोजताना चुकायचा, एकदा त्याच्याकडून पंधरा करून घेतले गेले आणि काकांनी ते तक्रार न करता केले. त्यांचा डावा हात सांगितल्यावर जरा वेळानं हलायचा. मला वाईट वाटायचं. त्यांना नाही. "मागून येतो बघ," हाताकडे बघून म्हणायचे. "जॅझमध्ये असा हात मिळवायला लोक वर्षं घालवतात. माका फुकट गावलो."

हे जॅझ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या वणीकडच्या गावात वाजंत्री म्हणजे लग्नातली. काकांनी मला ते जिन्यावरून समजावलं. "जिना उतरताना आपल्याला वाटतं अजून एक पायरी आहे. पाय टाकला, तर जमीन. पोटात कसं होतं?"

"धस्स होते."

"ते धस्स म्हणजे सिंकोपेशन. ठोका जिथं पडेल असं वाटतं तिथं पाडायचा नाही. जिथं कुणी वाट बघत नाही, तिथं पाडायचा. आपल्याकडे भटकून भटकून सगळे समेला घरी येतात, दार वाजतं, जेवायला बसतात. जॅझवाला बेल वाजवून पळतो. तू दार उघडतेस तर कुणी नाही. परत वळतेस तर मागून खांद्यावर टपली."

"मग चांगलं काय? आपलं की त्यांचं?"

"माझा बापूस भजनात झांज वाजवायचो ना, ती ठोक्यावर नसायची. दोन ठोक्यांच्या मधल्या खड्ड्यात असायची. त्याला कुणी जॅझ नाही शिकवलं. बोल आता, कुणाचं काय."

त्यावरून त्यांनी सोसायटीच्या गणपतीत केलेला घोळ आठवतो. मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून आरतीला नेलं होतं. सेक्रेटरींनी मोठ्या मानानं त्यांच्या उजव्या हातात एक झांज दिली, दुसरी मी समोर धरली. सगळे टाळ्या ठोक्यावर देत होते. काकांनी चार ओळी ऐकल्या, मान हलवली आणि मधल्या जागेत वाजवायला सुरुवात केली. आधी पुढच्या दोन बायका अडखळल्या. मग त्यांच्या मागचे. टाळ्यांचे दोन गट पडले, नंतर तीन. निम्मे लोक पुढच्या कडव्यात गेले, निम्मे मागं राहिले, आणि ज्यांना शब्द येत नव्हते, नुसतं ओठ हलवत होते, ते उघडे पडले. सेक्रेटरी घामाघूम होऊन आले.

"काका, तुम्ही असं करा, तुम्ही प्रसादाचं ताट धरा."

"धरतो की."

ताट मांडीवर ठेवून काकांनी ते बोटांनी वाजवलं. दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून सेक्रेटरी म्हणाले, "ताई, त्यांना उद्या जरा झोपवून ठेवता येईल का सात वाजता?" मी हो म्हणाले. मला कुणालाही नाही म्हणायची हिंमत नव्हती. वर येऊन काकांना सांगितलं तर ते इतके हसले की पाणी द्यावं लागलं.

दुसरी गोष्ट त्यांच्या आवडीची. स्टुडिओत एकदा एक नवा तबलजी आला होता, चांगला घराण्यात शिकलेला. गाणं पाश्चात्त्य ढंगाचं, जोर दोनवर आणि चारवर. त्या तबलजीनं मोठा आवाज ऐकला आणि दोनलाच सम धरली. आख्खं गाणं तो एक मात्रा सरकून वाजवत राहिला. कुणालाच कळलं नाही, उलट सगळ्यांना काहीतरी छान चाललंय असं वाटलं. शेवटी सगळे 'एक'वर थांबले, स्टुडिओ गप्प झाला, आणि त्या शांततेत एकटाच एक धा पडला. तबलजीचं तोंड पांढरं. काचेपलीकडून संगीतकार म्हणाले, "परत घ्यायचं नाही. तो धा राहू दे."

"दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडायला आला," काका सांगायचे. "म्हणाला, तुमचा एक खोटा होता. मी म्हटलं, माझा एक खरा होता, दोन जरा मोठ्यानं बोलला. सगळे समेवर राहायला बघतात गो. तिथं खोली परवडत नाही कोणाला. समेच्या शेजारच्या खोलीत राहून बघायचं. भिंतीपलीकडे सम आहे एवढं ठाऊक असलं की झालं."

मला हे ऐकायला बरं वाटायचं, कारण मी कधीच कशाच्याही बरोबर मध्ये नव्हते. गावातली शाळा आठवीपर्यंत. नववीला रोज सात किलोमीटर जायची. सहामाहीला गणितात शून्य मिळालं आणि गुरुजींनी तो पेपर वर्गात हातोहात फिरवला. पेपर शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आला, मी परत गेले नाही. पुढं घर, शेत, मग मावशीच्या ओळखीनं मुंबई. बोरीवलीच्या पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीजवळ, ब्युरोच्या चार बायकांमध्ये एक खोली. ब्युरोच्या मॅडम म्हणायच्या, दहावीची मार्कशीट असली तर हॉस्पिटलच्या कोर्सला घेतात, सहा महिन्यांचा. मग कायमची नोकरी, रजा, सगळं. नाहीतर घरोघरी फिरणं आहेच. त्यात पेशंट बरा झाला की नोकरी जाते, आणि पेशंट गेला तरी नोकरी जाते.

मी एक जुनं गणिताचं पुस्तक आणलं होतं. काका दुपारी झोपले की काढायची, उठले की गादीखाली. एक दिवस ते झोपलेच नव्हते.

"काय वाचतेस? पोथी?"

"काही नाही काका."

"काही नाहीचं पुस्तक एवढं जाड?"

सांगावं लागलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं मनात आहे, पण गणित मले जमत नाही, कधीच जमणार नाही. घाबरले की माझं 'मला'चं 'मले' व्हायचं. काकांनी ते तेवढ्यात पकडलं. "काय नाही जमत तुले?" मी पुस्तक उघडून दाखवलं. लसावि. तीन आणि चारचा लसावि काढा. हे पाचवीचं, तेही मला येत नव्हतं.

काकांनी लसावि हा शब्द दोनदा म्हणून बघितला, औषधाचं नाव असल्यासारखा. मग म्हणाले, "मोठ्यानं मोज. दर तिसऱ्याला तू टाळी दे. दर चौथ्याला मी पलंगावर मारतो." मी मोजलं. तीनला माझी टाळी, चारला त्यांची थाप, सहाला मी, आठला ते, नऊला मी. आणि बाराला दोन्ही एकदम.

"भेटलो ना? ह्याच तुझा लसावि."

मी परत केलं. पाच आणि तीन. पंधराला भेटलो. सहा आणि चार, बाराला. सहा आणि चारला मी चोवीसची वाट बघत होते, बाराला अचानक थाप पडली आणि पोटात धस्स झालं. पंधरा वर्षं जे डोक्यात शिरलं नव्हतं ते हातात शिरलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. काका आतून म्हणाले, "रडत असशील तर चहा पण टाक."

फॉर्म मी गणपतीनंतर भरला. भावानं गावाहून शाळा सोडल्याचा दाखला पाठवला. मग सहा महिने आमच्या घरात गणित कागदावर कमी आणि मांडीवर जास्त झालं. काकांनी मला तीनताल शिकवला. सोळा मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, तेरावीला टाळी. नववीला मात्र टाळी नाही, हात नुसता बाहेरच्या बाजूला उलटा फिरवायचा. ती रिकामी मात्रा, तिला खाली म्हणतात. मग तिहाई. तोच तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये दोनदा थांबायचं, आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर बरोबर पुढच्या समेवर पाडायचं.

"तुकडा केवढा आणि थांबायचं किती, ते आधी काढायला लागतं. तीन तुकडे, दोन मोकळ्या जागा, सगळे मिळून सतरा. सोळा आणि वर सम."

पुस्तकात पहिलाच धडा होता, दोन चलांतील समीकरणं. त्यात मला एक्स आणि वाय दिसायचे, आणि ते कोण आहेत, कुठं राहतात, ते कुणी सांगत नव्हतं. आता एक्स म्हणजे तुकडा आणि वाय म्हणजे मोकळी जागा. तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर सतरा. तुकडा पाचाचा तर जागा एक. तुकडा तीनाचा तर जागा चार. मी विचारलं, यातलं खरं उत्तर कोणतं. काका म्हणाले, दोन्ही. दुसरं समीकरण येईपर्यंत दोन्ही. "तोवर कशाक घाबरतंस? मोकळी जागा ही पण मोजलेली असता."

हे मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. मोकळी जागा पण मोजलेली असते. मी शाळा सोडली तेव्हापासूनची सगळी वर्षं मला वाया गेलेली वाटायची.

मार्चमध्ये पेपर झाले. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं कसंबसं. बीजगणिताच्या दिवशी माझ्या वर्गात पंचवीसएक जण, निम्मी पंधरा-सोळाची पोरं, बाकी आमच्यासारखे मोठे. उन्हामुळे पंखे जोरात. तिसऱ्या प्रश्नात ते आलं. तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर तेहेतीस, एक्स अधिक वाय बरोबर तेरा. माझं नशीब. तेहेतीस म्हणजे सोळाची दोन आवर्तनं आणि सम. मी कागदावर सोडवलं, एक्स सात, वाय सहा आलं, पण विश्वास बसेना, म्हणून हातानं पडताळा घ्यायला लागले. डोळे मिटून, ओठ हलवत, बोटांनी मांडीवर. नवव्या मात्रेला हात बाहेर फिरला. मोजत गेले. दुसऱ्या आवर्तनात परत फिरला.

डोळे उघडले तर वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या मॅडम समोर उभ्या.

"कोणाला खुणा करतेस?"

"कोणाला नाही मॅडम."

"दोनदा हात केलास मागे. मी बघत होते. बोटं पण दाखवत होतीस. कितवं उत्तर कोणतं, तेच ना?"

"नाही मॅडम, मी ताल धरला होता."

"परीक्षेत?"

त्यांनी माझा पेपर उचलून घेतला आणि शिपायाला केंद्रप्रमुखांना बोलवायला पाठवलं. मला मागच्या मुलाकडे बघायचीही भीती. शून्याचा पेपर निदान माझ्या हातात परत आला होता, हा तर गेलाच. भरारी पथक आलं तर नाव लिहून घेतील, पुढची परीक्षाही गेली.

केंद्रप्रमुख वयस्क होते, घाईत होते. सगळं ऐकून मला म्हणाले, "काय करत होतीस ते करून दाखव." मी बाकावर हात ठेवून दाखवलं. टाळ्या दिल्या, नवव्याला हात फिरवला, सात मात्रांचा तुकडा, सहा मोकळ्या, परत सात, परत सहा, परत सात, आणि शेवटचं बोट तेहेतिसाव्याला टेकवलं. ते बघत राहिले.

"आणि यानं उत्तर येतं?"

"येतं सर."

"काय आलं?"

"एक्स सात, वाय सहा."

सगळ्या वर्गाच्या माना एकदम खाली गेल्या आणि पंचवीस पेनं कागदावर चालू लागली.

"सर, उत्तर काय विचारता," मॅडम हळूच म्हणाल्या.

सरांनी वर्गाकडे बघितलं, मग पंख्याकडे. माझा पेपर मला परत दिला. "पुढच्या बाकावर बस. आणि हात बाकाखाली," एवढं बोलून निघून गेले. माझी पंधरा मिनिटं गेली होती. शेवटचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

काकांकडे आले आणि त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "किती वेळा फिरवलास हात?"

"दोनदा."

"बरोबर. दोन आवर्तनं, दोन खाली." समाधान झालं त्यांचं. मी म्हटलं, काका, निकाल राखीव ठेवला तर? कॉपीच्या संशयावरून ठेवतात. मग जरा वेळानं, त्यांच्या त्या डाव्या हातासारखं मागून, त्यांना कळलं. त्या दिवशी त्यांनी पलंगाच्या कडेवर बोटं वाजवली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फिजिओच्या मुलानं दहा सांगितले तर सरळ दहा केले. तो मुलगा मला बाहेर बोलावून म्हणाला, "अंकलना बरं नाही का?"

निकालापर्यंत दोन महिने तसंच. शिकवणं नाही, गोष्टी नाहीत. मी मुद्दाम एकदा बोलता बोलता ठोक्याच्या जागा चुकवून आरती म्हटली. "नीट म्हण," काका म्हणाले. हे ऐकून मला खरी भीती वाटली.

निकालाच्या दिवशी माझ्या मोबाइलवर साइट उघडेना. एक वाजल्यापासून नुसतं गोल गोल. काका पलंगावर उठून बसले होते, माझ्या मदतीशिवाय, उशीला टेकून. "उघडला?" "नाही." "उघडला?" "नाही काका." दोन वाजून गेल्यावर उघडलं. मी राखीव हा शब्द शोधत होते. तो नव्हता. उत्तीर्ण होता.

"गणित?" काका म्हणाले.

"एक्केचाळीस."

"सोळा, बत्तीस, आणि वर नऊ," त्यांनी बोटांवर मोजलं. "शिरा पडो. भर खालीवर उतरलंस गो." शिरा पडो ही त्यांची लाडाची शिवी. आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी पलंगावर थाप मारली. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, डाव्या पायाला पड, त्याला समजायला वेळ लागतो, आत्ताच कळवून ठेव.

संध्याकाळी मी ब्युरोच्या मॅडमना फोन केला. मनात एकच ओझं होतं. कोर्स दिवसभराचा, मुलुंडला. म्हणजे काकांना सोडावं लागणार, आणि ते त्यांना कसं सांगायचं. मी मॅडमना म्हटलं, एवढ्यात त्यांना काही बोलू नका, मीच बघते. मॅडम हसल्या.

"अगं, त्यांनी गणपतीनंतरच सांगून ठेवलंय मला. जूनपासून दुसरी बाई लागेल म्हणून. तू फॉर्म भरलास ना, त्याच दिवशी फोन आला होता. सोमवारी येतेय ती."

मी फोन ठेवून आत गेले. राग आला होता, आणि त्या माणसावर रागवायची मला सवय नव्हती.

"काका, मी नापास झाले असते तर?"

त्यांना लगेच कळलं मी कशाबद्दल बोलते आहे. "मगे दोघी रवल्यो असत्यो," ते म्हणाले. "एक माका उचलूक, एक गणितां करूक."

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस. तुला नोकरी सोडायला कधी जमलंय? दर वेळी नोकरीनं तुला सोडलंय." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता जा. आठ वाजले." आठ वाजायला वीस मिनिटं होती.

सोमवारी ती आली. चाळिशीची, पालघरकडची, वागायला हुशार, पण दारातच बावरून उभी. मॅडमनी मला फोनवर वैतागून सांगितलं होतं की सगळे पेशंट शिकलेली बाई मागतात, आणि या माणसाची अट काय, तर दहावी झालेली अजिबात पाठवू नका. मी तिला औषधांच्या वेळा दाखवल्या, गरम पाण्याची पिशवी दाखवली, टॉवेल कुठं टाकायचे ते दाखवलं. मग तिला पलंगाशी नेलं.

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शाळा किती?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मला तिचं ते बघणं चांगलं ठाऊक होतं. "सातवी," ती म्हणाली. "पण काम सगळं येतं मला."

"गणित?"

तिनं मान खाली घातली.

काका चष्म्यातून माझ्याकडे वळले. कित्येक महिन्यांत एवढे खूश दिसले नव्हते. मी माझी पिशवी भरत होते आणि ते जाड पुस्तक नुकतंच तिच्यात घातलं होतं.

"ता खंय नेतंस?" काका म्हणाले. "ता हयसरच रवांदे."

मी पुस्तक काढून त्यांच्या उशाशी ठेवलं आणि निघाले.